तीन पाळ्यांची दोन पात्रं

एका गावात द्रुपदा नावाची एक बाई होती, तिची चिंधी नावाची आठ वर्षांची लेक होती, आणि पाटाच्या शेवटाला त्या दोघींचा एक कोरडा तुकडा होता. माणसं दोन, जमीन ओंजळभर, आणि बोलायला तिसरं कुणी नाही.

गाव तसं चांगलं होतं. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटाच्या दोन्ही अंगांना शेतं. पाणी थोडं आणि तोंडं फार, म्हणून पाण्याची पाळी लागायची. दर आठव्या दिवशी पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी ज्याच्या त्याच्या शेतात सोडणारा म्हातारा, वडाखाली घंगाळ मांडून बसायचा. घंगाळात पाणी, पाण्यावर तांब्याचं वाटोळं पात्र, पात्राच्या बुडाला सुईएवढं भोक. भोकातून पाणी आत चढायचं, पात्र भरत जायचं आणि गुडुप बुडायचं. पात्र बुडालं की एक झालं. तेवढा वेळ पाट तुमचा. कुणाचं पाळीला एक पात्र, कुणाचं तीन, कुणाचं चार.

हे ध्यानात ठेवायला पाटकऱ्यापुढं काळ्या दगडाची फरशी असायची. फरशीवर वाट्यांसारख्या खळ्या कोरलेल्या. एका घराची एक खळी. जेवढी पात्रं तेवढे चिंचोके खळीत. मग म्हातारा तोंडाशी हात धरून पुकारा करायचा, "भानजी माळी, तीऽऽन! सटवाजी, एऽऽक!"

ती फरशीही एका दिवसात झाली नव्हती. अगदी पूर्वी नुसते चिंचोके होते. एकदा एकानं शेत पडीक ठेवलं, तर तेव्हाच्या पाटकऱ्यानं त्याची खळीच मातीनं बुजवली. तो माणूस पुढच्या पाळीला आला तो काठी घेऊनच. तेव्हापासून ठरलं, ज्याला आज पाणी नाही त्याची खळी रिकामी ठेवायची, पण ठेवायची. मग कुणाच्या घरी लग्न निघालं, त्यानं शेजाऱ्याचं पात्र उसनं घेतलं. आता ते कसं मांडायचं? तर काळा खडा. खळीत एक काळा खडा असला की तो पुढच्या पाळीचा एक चिंचोका खाणार. दर वेळी गाव कुरकुरलं, दर वेळी फरशीनं नवं काही पोटात घेतलं.

द्रुपदेची मात्र फरशीवर खळीच नव्हती. रिकामीसुद्धा नव्हती.

ते असं झालं. तिच्या सासऱ्याची पाळीला दोन पात्रं होती आणि मुलगे तीन. सासरा गेला तेव्हा पाटकऱ्यानं दोन चिंचोके हातात घोळवले, तिघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "दोन तिघांत बसत नाहीत रे बाबांनो." धाकटा, म्हणजे द्रुपदेचा नवरा, गाडीवान होता, मनानं मोकळा. तो म्हणाला, "दादा एक घेऊ द्या, मधला एक घेऊ द्या. माझं पोट गाडीवर चालतं." चिंधी दोन वर्षांची असताना तो परमुलखात तापानं गेला. गाडी गेली, बैल गेले. राहिला तो कोरडा तुकडा.

त्याला आता सहा वर्षं झाली होती.

त्या गावात आणखी एक रीत होती. लग्नाची अक्षत असो, बारसं असो, हळदीकुंकू असो, बोलावणं पुकाऱ्याच्या क्रमानं जायचं. पाटकऱ्याचा पुकारा हाच गावाचा पाढा. ज्याचं नाव पाढ्यात नाही, त्याच्या दाराशी बोलावणाऱ्याचं पाऊल थांबायचंच नाही. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. माणसं पाढा म्हणत पुढं जायची, एवढंच.

द्रुपदा दर पाळीला वडापाशी जाऊन उभी राहायची. सगळी नावं ऐकायची. एकेक बाई आपल्या घरचं नाव ऐकून कुदळ उचलायची, शेताकडे पळायची, आणि शेवटी वडाखाली द्रुपदा एकटी उरायची. मग ती नदीवर जायची, घागर भरायची, आणि त्या ओंजळभर तुकड्यातल्या चार मिरच्यांना पाणी घालायची. घागरीशी बोलायची. "चल गं बाई, अजून एक खेप." दुसरं कुणाशी बोलणार?

त्या वर्षी संक्रांत झाली आणि गावकीनं ठरवलं की, जो तुकडा होळीपर्यंत हिरवा दिसणार नाही तो गुरांच्या चराईला गायरानात घ्यायचा. तिला कुणी सांगायला आलं नाही. नदीवर बायका बोलत होत्या, ते तिच्या कानावर पडलं. घागरीनं चार मिरच्या जगतात, तुकडा हिरवा होत नाही. तुकडा गेला तर घरही गेलं, कारण घर त्या तुकड्यातच होतं. आणि लेकीला घेऊन जायचं कुठं?

पुढच्या पाळीला सगळे पांगल्यावर ती पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाली, "आबा, सासऱ्यांच्या पाण्यात माझाही वाटा आहे."

म्हाताऱ्यानं मान वर केली. "आहे ना. मी कुठं नाही म्हणतो? पण किती, ते सांग. एक म्हणावं तर तेवढं नाही. काही नाही म्हणावं तर तसंही नाही. निम्मं म्हणावं तर कमी पडतं, पाऊण म्हणावं तर जास्त होतं. पाव, निम्मं, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, बाजारात सगळ्यांना नावं आहेत पोरी. तुझ्या वाट्याला नावच नाही. मी पुकारा काय करू?"

"नाव नसेल, पण वाटा तर खरा आहे?"

"खरा आहे. पण पात्र अख्खं बुडतं. अर्धवट बुडायला त्याला येत नाही."

तरी म्हातारा वाईट नव्हता. त्यानं विचार केला. पात्र आतून सहा बोटं खोल होतं. सहाचे तीन वाटे केले तर दोन-दोन बोटं, त्यातले दोन वाटे म्हणजे चार बोटं. त्यानं खिळ्यानं चार बोटांवर रेघ मारली. "पाणी रेघेला लागलं की तुझं झालं. बस मोजत."

द्रुपदा घंगाळापाशी बसली. पात्राला अख्खं बुडायला किती वेळ लागतो, ते तिला पाठ होतं. सहा वर्षं ऐकत उभी होती ना! तिच्या मनातल्या मनात साठ ओव्या व्हायच्या, तेव्हा पात्र बुडायचं. म्हणजे तिच्या वाट्याला चाळीस यायला हव्यात. ती ओठांत ओव्या म्हणत राहिली आणि तीस होतात न होतात तोच पाणी रेघेला टेकलं.

"आबा, फसलं हे. दहा ओव्या कमी पडल्या."

"अगं, बोटं मोजून रेघ मारलीय मी!"

"बोटं बरोबर आहेत. पात्र वाटोळं आहे. बुडाशी निमुळतं, तोंडाशी पसरट. खालची बोटं चटकन भरतात, वरची सावकाश."

चिलीम ओढायला थांबलेला भानजी माळी खो खो हसला. "मग ओव्यांवरच पाणी सोडा आबा! घंगाळ घरी न्या!"

"अन् उद्या कुणी भरभर गाईल, कुणी रडत रडत गाईल, तेव्हा भांडणं तू सोडवशील का?" म्हातारा खेकसला. भानजी हसत निघून गेला. म्हाताऱ्यानं रेघ अंगठ्यानं घासली, पण ती काही पुसली गेली नाही. मग हळूच म्हणाला,

"एक सांगू? तुझा मधला दीर. घरात नवराबायको दोघंच. मूल नाही, बाळ नाही. त्याचा चिंचोका उचलतो, तुला देतो. तुझी खळी कोरतो, त्याची बुजवतो. पोर कुणाच्या घरात आहे ते बघितलं तर गावकीही हो म्हणेल. पुरं एक पात्र, पोरी! दर पाळीला तुझा पुकारा. बोल."

द्रुपदा, एऽऽक! तिला ते ऐकूसुद्धा आलं. हिरवा तुकडा दिसला, दारात अक्षत घेऊन आलेली माणसं दिसली. सहा वर्षं हेच तर मागत होती ती. नुसतं हो म्हणायचं होतं.

तेवढ्यात तिची नजर बांधाकडे गेली. मधली जाऊ तिथं गवत खुरपत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. सहा वर्षांत ती द्रुपदेशी धड बोलली नव्हती, समोर आली तर वाट बदलायची. आत्ता मात्र ती हलली नाही. तिनं खुरपं खाली ठेवलं आणि ती द्रुपदेच्या तोंडाकडे बघत राहिली. ना भांडली, ना रडली.

द्रुपदा म्हणाली, "नको, आबा. खळीविना कसं राहायचं ते मला आता येतं. त्यांना नाही यायचं."

आणि ती घागर उचलून निघाली. माघारी वळून बघितलं नाही. त्या दिवशी ती जितकी एकटी होती, तितकी सहा वर्षांत कधी नव्हती. आधी निदान कधीतरी मिळेल अशी आस तरी सोबतीला होती. आज तीही स्वतःच्या हातानं सोडून आली होती.

घरी आली तर चिंधी कोंबडीच्या खुराड्यात डोकं घालून बसलेली.

"आई, आज अंडं नाही. आज हिचा उपास."

"काल घातलं होतं ना?"

"काल घातलं, परवा घातलं. दोन दिवस घालते आणि तिसऱ्या दिवशी उपास करते. नेहमीचंच आहे हिचं."

द्रुपदा चुलीपाशी टेकली. काहीतरी बोलायचं म्हणून बोलली, "म्हणजे रोजचं किती पडलं गं?"

चिंधीनं कपाळाला आठ्या घातल्या. "रोजचं? एक नाही. निम्मंपण नाही, निम्म्याहून जास्त आहे. तिघांत दोन वाटल्यासारखं... पण आई, तिनं कधी फुटकं अंडं घातलंय का? घालते तेव्हा अख्खंच घालते!"

द्रुपदेच्या हातातली काटकी हातातच राहिली. तिनं लेकीकडे पाहिलं, कोंबडीकडे पाहिलं. कोंबडी मान वाकडी करून तिच्याकडेच बघत होती.

"चिंधे," ती म्हणाली, "परत एकदा सांग."

आठव्या दिवशी पाळी आली. पाटकऱ्यानं पुकाऱ्याला तोंडाशी हात नेला तोच द्रुपदा पुढं झाली. सगळं गाव होतं, दोन्ही दीर होते, जावा होत्या.

"आबा, थांबा. माझ्या वाट्याचं नाव सापडलंय. तीन पाळ्यांत दोन."

"काय दोन?"

"अख्खी पात्रं. एकही फोडायचं नाही, कुठं रेघ मारायची नाही. सासऱ्यांची पाळीला दोन, म्हणजे तीन पाळ्यांत सहा. घरं तीन. प्रत्येकाला दोन-दोन. पहिल्या पाळीला हे दोघं घेतील, दुसऱ्या पाळीला मोठे भाऊजी आणि मी, तिसऱ्या पाळीला मधले भाऊजी आणि मी. दर तीन पाळ्यांत प्रत्येकाची खळी एकदा रिकामी राहील आणि दोनदा भरेल."

थोरला दीर लाल झाला. "अगं, आमचं पुरं एक पात्र आहे, ते अपुरं करायला निघालीस होय?"

"तुमचं पुरं म्हणजे तरी काय, मोठे भाऊजी? एका पाळीत एक. माझं तीन पाळ्यांत दोन. किती पात्रं आणि किती पाळ्यांत, हे दोन्ही सांगावं लागतं. तुमची पाळी एकच, म्हणून आजवर कुणी बोललं नाही, एवढंच."

पाटकरी फरशीकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते. "अन् एखादी पाळी चुकली? पाट फुटला, तर?"

"तर चुकलेलं पुढं भरून काढा, सहा पाळ्यांत चार धरा. नऊ पाळ्यांत सहा धरा. वाटा तोच राहतो. बोटांवर बघा."

म्हाताऱ्यानं बोटांवर पाहिलं. मग दोन्ही हातांच्या बोटांवर पाहिलं. त्याचा सुरकुतलेला चेहरा हळूहळू उजळत गेला. त्यानं खिळा घेतला आणि भानजी माळ्याच्या खळीखाली, तीन चिंचोक्यांच्या खाली, एक रेघ ओढली.

"ए आबा! माझ्या खळीला रेघ कशाला? माझं तर पुरं आहे!"

"गप रे. एका पाळीत तीन, म्हणून खाली एक रेघ. सटवाजी, तुझ्याखाली पण एक. ही पडिकाची रिकामी खळी, एका पाळीत काही नाही, हिच्याखाली पण एक. काळा खडा आहे तिथंही एक." म्हातारा रेघा ओढत चालला होता आणि बोलत होता. "घरात भगुण्यात भगुणं ठेवता ना बायांनो? तसं आहे हे. सगळ्यात आतलं लहान भगुणं म्हणजे आपले चिंचोके, एक, दोन, तीन. त्याच्या बाहेर रिकाम्या खळीचं. त्याच्या बाहेर काळ्या खड्यांचं. मला वाटलं, झाली उतरंड पुरी. तर ही पोर म्हणते, अजून एक मोठं भगुणं आहे, आणि तुम्ही सगळे आधीपासून त्याच्यातच बसला आहात. बाहेरचं मोठं आलं म्हणून आतलं चेपत नाही रे भानजी. तुझे तीन तीनच आहेत."

"ते तुमचं भगुणं तुमच्यापाशी," थोरला म्हणाला, "पण आमच्या दर तिसऱ्या पाळीचं पाणी जाणार ना? आम्ही का सोडावं?"

वाटा कसा मांडायचा ते द्रुपदा सांगू शकत होती, द्यायचा की नाही ते दुसऱ्यांच्या हातात होतं.

तेव्हा मधली जाऊ पुढं आली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला.

"आबा, आमच्या खळीखाली तीन रेघा ओढा."

"अगं!" तिचा नवरा म्हणाला.

"अगं काय? त्या दिवशी हिनं नुसती मान हलवली असती, तर आज आपली खळी मातीनं भरलेली असती. हिला अख्खं मिळत होतं, ते हिनं सोडलं. आणि आपण तिनांतलं एक सोडायला रडायचं? ओढा रेघा. आणि आजच्या पाळीला रिकामी खळी आमची. ही सहा वर्षं रिकामी बसलीय, हिला आज पाणी द्या."

मधल्या दिरानं जमिनीकडे पाहिलं, मग पाटकऱ्याकडे पाहून मान डोलावली.

सगळं गाव थोरल्याकडे बघायला लागलं. थोरला इकडे तिकडे बघत राहिला, मग त्यानं मुंडाशात हात घालून डोकं खाजवलं. "ओढा बाबा माझ्यापण तीन. तिघांत मी एकटाच कशाला वाईट दिसू?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्यालाही हसू फुटलं.

पाटकऱ्यानं फरशीच्या कोपऱ्यात नवी खळी कोरली. खोल नाही जमली. खळीखाली तीन रेघा ओढल्या, आणि तोंडाशी हात धरून तो ओरडला, "द्रुपदाऽऽ! तीन पाळ्यांत दोन, त्यातलं पहिलंऽऽ!"

इतकी वर्षं तिला वाटायचं, नाव ऐकलं की आपण वाऱ्यासारखं धावू. तसं काही झालं नाही. पाय जागचे हललेच नाहीत. ती दोन्ही हातांनी पदराचं टोक धरून उभी, आणि डोळ्यांतून धारा. "आई, पात्र भरतंय! चल ना!" म्हणून चिंधीनं ओढलं, तेव्हा ती निघाली. तुकड्यापाशी पोचली तर मधली जाऊ आधीच कुदळ घेऊन पाणी आत घ्यायला पाटाचं बारं फोडत होती. तिच्या स्वतःच्या शेतात आज पाणी नव्हतं, म्हणून तिचे हात मोकळे होते.

"बघत काय राहिलीस?" जाऊ म्हणाली. "तिकडचा वाफा बांध. कांद्याची रोपं उरलीत माझ्याकडं, उद्या आणून देते."

होळीला गावकीची माणसं तुकडा बघायला आली. गुडघ्याखाली हिरवीगार पात डुलत होती. माणसं आली तशी परत गेली.

उन्हाळ्यात कांदा निघाला. मुठीएवढा एकेक, लालबुंद. द्रुपदेच्या खोपटात मावेना. मग थोरल्यानं आपला माळा झाडून दिला, मधल्या जावेनं गोठ्याची एक बाजू रिकामी केली. तिन्ही घरांत कांदा पसरला, आणि भाजीला लागला की ज्याच्या हाताला जो येईल तो घेऊन जो तो चिरू लागला. कुणाच्या घरात किती कांदे गेले, हे कुणीही मोजलं नाही. दुपारी तिघी जावा मिळून द्रुपदेच्या पडवीत कांद्याच्या वेण्या बांधत बसायच्या आणि चिंधी एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर लोळायची. त्या घरावर अशी सोन्याची दुपार आली आणि राहिली.

तात्पर्य: ज्या वाट्याला नाव नसतं तो वाटाही खराच असतो, आणि आपलं पुरं असणं त्याच्याच कुळातलं असतं. मोजणीत माणूस बसत नसेल तर माणूस वगळू नये, मोजणी मोठी करावी.